वासरे-करडे दुसऱ्या रानात नेताना पुढे कोण चालावे?

शिवारवाट

नमस्कार. आमची शेती माळशिरस तालुक्यात, नीरा उजव्या कालव्याच्या पट्ट्यात आहे आणि ती दोन तुकड्यांत विभागलेली आहे. गोठा घराजवळच्या रानात आहे; पलीकडच्या रानात बाभळींची सावली आणि बांधावर भरपूर गवत आहे. बाजरी निघाली की जनावरे काही आठवडे पलीकडे नेऊन ठेवण्याची आमच्याकडे रीत आहे. त्यामुळे गवत वाया जात नाही, शेणखत जागच्या जागी पडते आणि गोठाही कोरडा होतो. मोठ्या जनावरांचा काहीच प्रश्न नसतो. आमची खिल्लार गाय तर दावे सोडताच आपणहून पाणंदीला लागते.

खरी परीक्षा लहानांची असते. या वर्षी एक खिल्लार गोऱ्हा, दोन संकरित कालवडी आणि उस्मानाबादी शेळ्यांची नऊ करडे आहेत. वाटेत आधी पाणंद, मग कालव्याची चारी आणि शेवटी डांबरी रस्ता लागतो. परवा सहज अंदाज घ्यावा म्हणून गोऱ्ह्याला एकट्यालाच थोडे पुढपर्यंत नेले. कमरेएवढा बांध तो एका झेपेत चढला, आणि पुढे वाटेवर आडवी पडलेली ठिबकची काळी नळी दिसताच चारही पाय रोवून उभा राहिला. मान खाली घातली, नाकपुड्या फुगवल्या, नळीला दुरूनच हुंगले, फुर्र केले आणि दोन पावले मागे सरला. नळी बोटभर जाडीची होती. मी ती उचलून बाजूला टाकली, तर आता ती हलली म्हणून तो आणखी मागे गेला.

आमच्या घरात याबाबत दोन मते आहेत. वडील म्हणतात, पिल्ले पुढे घालावीत, म्हणजे ती डोळ्यांसमोर राहतात. आई म्हणते, गाय पुढे न्यावी, वासरू तिच्या मागे आपोआप येते. आपल्यापैकी ज्यांना हे दरवर्षी करावे लागते त्यांनी आपला अनुभव सविस्तर लिहावा, ही विनंती.

जुना गुराखी

आईंचे बरोबर आहे. गाय पुढे, वासरू मागे.

बांधावरची

गायीच्या बाबतीत ते खरे असेल, पण शेळीच्या बाबतीत मला ते मान्य नाही. आमच्याकडे संगमनेरी शेळ्या आहेत. शेळी पुढे गेली की करडू मागे येईलच, याची काहीही खात्री देता येत नाही. आठ-दहा दिवसांचे करडू मध्येच एखाद्या घाणेरीच्या झुडपात शिरते आणि तिथे अंग चोरून बसते. तुम्ही हाका मारा, टाळ्या वाजवा, ते कान हलवत नाही. आश्चर्य म्हणजे त्याची आईही निवांत पुढे चालत राहते. आम्ही तर करडे हाऱ्यात घालून डोक्यावर नेतो. हाऱ्यात तळाला थोडे गवत घालायचे आणि वरून जुने लुगडे सैल बांधायचे. एका हाऱ्यात लहान असतील तर तीन करडे मावतात. चौथे घातले की कोणीतरी कोणाच्या तरी डोक्यावर उभे राहते आणि लुगड्यातून मान बाहेर काढून सगळ्या वाटेने ओरडत येते. त्या ओरडण्याचा उपयोग मात्र होतो, कारण मग सगळ्या शेळ्या हाऱ्याच्या मागे मुकाट चालतात.

नवशिका

प्रश्न बाळबोध वाटेल, पण विचारतो. आई पुढे जात असताना करडू लपून का बसते? त्याला भीती वाटत असेल, तर ते आईकडे धावायला हवे ना?

पशुवैद्य माणदेश

प्रश्न अजिबात बाळबोध नाही. या धाग्यातील निम्म्या अडचणींचे उत्तर त्यातच आहे.

खूर असलेल्या प्राण्यांच्या पिल्लांचे साधारणपणे दोन प्रकार मानले जातात. काही पिल्ले जन्मानंतरचे पहिले काही दिवस लपून राहतात. आई चरायला दूर जाते, ठरावीक वेळाने परत येते, दूध पाजते आणि पुन्हा जाते. तोवर पिल्लू गवतात किंवा झुडपात निश्चल पडून असते, कारण हालचाल झाली तर शिकारी प्राण्याला ते दिसेल. हरणाचे पाडस असेच वागते. शेळीचे करडू आणि गायीचे वासरूही याच प्रकारात मोडतात. दुसऱ्या प्रकारची पिल्ले उभी राहिली की लगेच आईच्या मागे चालू लागतात आणि तिला सोडत नाहीत. मेंढीचे कोकरू आणि घोडीचे शिंगरू हे त्या प्रकारचे आहेत. म्हणून गोंधळ झाला की कोकरू धावते आणि करडू बसते. करडाच्या दृष्टीने ते अगदी योग्य तेच करत असते, आणि शेळीलाही ते ठाऊक असल्यामुळे ती निवांत असते. वय वाढते तशी ही लपण्याची ओढ कमी होते. तोवर करडांना हाऱ्यातून नेणे हाच उत्तम उपाय आहे, तेव्हा बांधावरची ताईंशी मी पूर्ण सहमत आहे.

आता गोऱ्ह्याविषयी. गायीगुरांचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे त्यांना आजूबाजूचे जवळजवळ सगळे दिसते. फक्त पाठीमागचा एक पट्टा दिसत नाही. मात्र दोन्ही डोळ्यांनी एकत्र दिसणारा समोरचा भाग अरुंद असतो, म्हणून जमिनीवरची वस्तू सपाट आहे, उंच आहे की खोल आहे, हे त्यांना चालता चालता नीट कळत नाही. भुऱ्या मातीवरची काळी नळी, झाडाची गडद सावली, डबक्यातली चमक, वाऱ्यावर फडफडणारा मल्चिंगचा कागद, या सगळ्यांपाशी ती थांबतात. थांबून मान खाली घालतात, ती नीट पाहण्यासाठीच. तेवढा वेळ त्यांना द्यावा. नळी उचलून फेकण्यापेक्षा ती तशीच पडू द्यावी आणि वासराला हुंगू द्यावी. बहुतेक वेळा ते थोड्या वेळाने आपणहून ओलांडते.

आपण सगळे आणखी एक गोष्ट उलटी करतो. वासरू चालत नाही म्हणून आपण नेमके त्याच्या शेपटीमागे जाऊन उभे राहतो. तिथे आपण त्याला दिसत नाही, फक्त आवाज येतो. मग आवाज कोणाचा, हे पाहायला ते पूर्ण वळते आणि आपल्याला वाटते की ते उलट्या दिशेने पळाले. अमेरिकेतील टेंपल ग्रँडिन यांनी गुरांच्या हालचालींचा बारकाईने अभ्यास केला आणि गुरे हाताळण्याच्या जागा कशा बांधाव्यात हे त्यावरून ठरवले. त्यांनी सांगितलेली एक साधी खूण इथे फार उपयोगी पडते. जनावराचा खांदा ही सीमा समजावी. आपण बाजूला, थोडे अंतर राखून, खांद्याच्या मागे उभे राहिलो तर ते पुढे जाते. खांद्याच्या पुढे आलो तर ते थांबते किंवा मागे फिरते. काठीची गरज क्वचितच पडते.

जुना गुराखी

डॉक्टर, आपण जे सांगितले ते आम्ही लहानपणी न शिकता करत होतो, पण त्यामागचे कारण आज कळले. एक शंका मात्र आहे. जनावर अगदीच अडून बसले की आमच्याकडे शेपटी पिरगाळतात. त्याशिवाय काही जनावरे उठतच नाहीत.

पशुवैद्य माणदेश

काका, कृपया ते करू नये. शेपटीत मणके असतात आणि वासराचे मणके कोवळे असतात. ते निखळतात, मोडतातही. पुढच्या पायांना धरून उचलणेही तितकेच वाईट, त्याने खांदा दुखावतो. एक हात छातीखाली आणि एक हात मागच्या मांड्यांमागून घालून उचलावे. आणि अडून बसलेले जनावर खरोखर अडले आहे की आजारी आहे, हे आधी पाहावे.

सड्यावरचा

आमच्याकडे रत्नागिरी जिल्ह्यात पाणंदीऐवजी पायवाट, बांधाऐवजी गडगा आणि चारीऐवजी वहाळ असतो. भातकापणी झाली की गुरे मळ्यांत आणि पुढे सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, चरायला सोडतात. मोठी गुरे वहाळातून पाण्यात उतरून जातात, पण तान्ह्या वासराला तिथे उतरवणे धोक्याचे वाटते, म्हणून त्याला साकवावरून न्यावे लागते. साकवाच्या फळ्यांमध्ये फटी असतात आणि फटींतून खालचे वाहते पाणी लखलखताना दिसते. डॉक्टरांनी वर जे लिहिले आहे ते वाचून मला त्या वासराचे डोळे आठवले. एक पाय फळीवर ठेवायचा, फळी वाजली की काढून घ्यायचा. पुन्हा ठेवायचा, पुन्हा काढायचा. तोवर गाय पलीकडे जाऊन हंबरत असते, वासरू अलीकडून उत्तर देत असते, आणि साकवावरून शाळेला निघालेली मुले दोन्ही बाजूंना खोळंबलेली असतात. शेवटी मुलेच वासराला नाना नावांनी हाका मारू लागतात.

यावर आमच्या गावात एक उपाय आहे. साकवावर भाताचा पेंढा जाड अंथरायचा आणि त्यावर वाटेवरचीच माती पाट्यांनी टाकायची. फटी झाकल्या जातात, फळ्यांचा आवाज दबतो आणि पायाखाली जमीन आहे असे वासराला वाटते. मग ते सरळ चालत जाते. अर्थात, पलीकडे पोचल्यावर ते परत येऊन अंथरलेला पेंढा खायला लागते आणि मागच्या वासराची वाट अडवते. तेव्हा पलीकडे एक माणूस उभा असलाच पाहिजे.

गडग्याची कथा निराळी आहे. वासराला गडगा ओलांडता येत नाही, पण करडू त्यावर चढून थेट वरूनच चालू लागते आणि मग ते खालच्या वाटेवर यायला तयार होत नाही.

शिवारवाट

करडांचे चढणे आमच्याकडेही आहे! रस्त्याच्या मोरीला दोन्ही बाजूंनी सिमेंटचे कठडे आहेत. करडांना रस्ता दिसत नाही, कठडा दिसतो. गेल्या वर्षी सगळी करडे त्यावर रांगेने उभी राहिली आणि एकेक जण शेजाऱ्याला ढुशी देऊन खाली पाडू लागला. तेवढ्यात एसटी आली. चालकाने गाडी थांबवली, वाहक खाली उतरला आणि त्याने दोन करडे काखेत मारून आमच्या बाजूला आणून सोडली. गाडीतल्या आजीबाई खिडकीतून सूचना देत होत्या. त्या सगळ्यांचे मी आजही आभार मानतो.

आता प्रश्न असा की, कोकरे आईच्या मागे चालतात, तर मेंढपाळांना काहीच त्रास होत नसेल का? इथे कोणी धनगर बांधव असतील तर त्यांनी लिहावे.

वाघरवाला

मी माण तालुक्यातला. आमच्या घरची मेंढरे पिढ्यानपिढ्या दिवाळीच्या सुमारास घर सोडतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत येतात. मी नोकरी करतो, पण सुट्टीत वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या मुक्कामावर, जातो, म्हणून थोडे लिहितो.

कोकरू मागे चालते हे खरे आहे, आणि आमची अडचणही तीच आहे. ते मागे चालते, पण कोणाच्या मागे, याचा विचार पहिल्या दिवसांत करत नाही. आई दोन पावले दूर गेली आणि मधून दुसरे काही हलले, तर ते त्याच्या मागे निघते. ते सायकलच्या मागे जाते, दुसऱ्याच्या कळपामागे जाते, शेताकडे निघालेल्या बाईच्या मागे जाते. घोंगडी पांघरलेला माणूस दिसला तर विचारूच नका. घोंगडी दख्खनी मेंढीच्या लोकरीची असते, तिला मेंढराचा वास असतो. कोकरू तिच्या काठाला तोंड लावून खुशाल चालत राहते. आमच्या एका चुलत आजोबांच्या मागे एक कोकरू थेट बाजारापर्यंत गेले होते. लोक त्यांना भाव विचारू लागले, तेव्हा त्यांनी मागे वळून पाहिले.

म्हणून अगदी कोवळी कोकरे कळपाबरोबर चालवत नाहीत. बिऱ्हाड हलते तेव्हा ती घोड्याच्या पाठीवर असतात. घोड्यावर वाघरी, भांडी, पाण्याची कळशी, कोंबड्या आणि त्यांच्यामध्ये कोकरांची डोकी, असा सगळा संसार असतो. बायका घोडी घेऊन जवळच्या वाटेने पुढच्या मुक्कामाला जातात आणि पुरुष मेंढरे चारत लांबच्या वाटेने येतात. वाघर म्हणजे आमची जाळी. मुक्कामाच्या शेतात खुंट्या ठोकून ती गोल उभी करतात आणि रात्री मेंढरे तिच्या आत बसतात. शेतकऱ्याला लेंड्यांचे खत मिळते आणि त्याबद्दल तो धान्य किंवा पैसे देतो.

पण खरा सोहळा असतो संध्याकाळचा. दिवसभर कोकरे मुक्कामावर कोंडलेली असतात आणि मेंढ्या चरायला गेलेल्या असतात. मेंढ्या परत येताना दिसल्या की आतली सगळी कोकरे एकदम ओरडू लागतात आणि बाहेरच्या सगळ्या मेंढ्या त्यांना उत्तर देतात. त्या वेळी शेजारच्या माणसाशी बोलायचे तरी खुणांनी बोलावे लागते. अशा वेळी जाळी एकदम उघडली, तर प्रत्येक कोकरू समोरच्या पहिल्या कासेला तोंड लावते, मेंढी त्याला हुंगते, आपले नाही असे कळताच उडवून लावते, की ते दुसरीकडे धावते. आमच्या आत्या हे काम असे करतात की पाहत राहावे. त्या जाळीच्या तोंडाशी बसतात, दोन-तीन कोकरे सोडतात, ती आपापल्या आईला लागली की पुढची दोन-तीन सोडतात. कुठले कोकरू कुठल्या मेंढीचे, हे त्यांना रंगावरून, कानावरून आणि आवाजावरून ओळखता येते. मला अजूनही ते जमलेले नाही. जमावे, असे मनापासून वाटते.

बांधावरची

फार सुंदर लिहिले आहे, वाघरवाला दादा. आत्यांना माझा नमस्कार सांगा. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणे आणि पशुपालकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आहे, तेव्हा या ज्ञानाची नोंद आता तरी नीट व्हावी असे वाटते.

एक विचारते. जुळी कोकरे असतील तर मेंढी कशी वागते? शेळीला जुळी झाली की एक पुढे आणि एक मागे राहते आणि ती मध्येच उभी राहून दोघांना हाका मारते.

वाघरवाला

आपल्या जुन्या दख्खनी मेंढीला बहुधा एकच कोकरू होते, त्यामुळे पूर्वी हा प्रश्न फारसा नव्हता. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गरोळ मेंढीतला जुळ्यांचा गुण दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ ही जात तयार केली. आमच्या पाहुण्यांकडे तशा मेंढ्या आहेत. मेंढी चांगली आहे, उत्पन्न वाढते, पण वाटचालीत लक्ष जास्त द्यावे लागते. जुळ्यांतले एक मागे राहिले की मेंढी परत फिरते. ती परतली की दुसरे कोकरू तिच्याबरोबर परतते. आणि त्या दोघांना परतताना पाहून आणखी पाच-सहा मेंढ्या वळतात. जुळ्यांच्या आयांना कळपाच्या मागच्या टोकाला ठेवावे, म्हणजे वळायला मागे कोणी उरत नाही.

वायकाटोकर

मी मूळचा सांगलीचा, सध्या न्यूझीलंडमध्ये वायकाटो भागात एका दुग्धव्यवसायाच्या शेतावर काम करतो. इथली परिस्थिती आपल्यापेक्षा अगदी वेगळी आहे, आणि धाग्याच्या मूळ प्रश्नाला त्यातून एक वेगळे उत्तर मिळते, म्हणून लिहितो.

इथे गायी एका हंगामात, म्हणजे साधारण जुलैपासून पुढे, एकदम वितात आणि वासरांना लवकरच आईपासून वेगळे करून गटाने वाढवतात. त्यामुळे आई पुढे की वासरू पुढे, हा प्रश्नच उद्भवत नाही. आई तिथे नसतेच. वासरांना ओळख असते ती दूध पाजण्याच्या गाडीची. या गाडीला चहूबाजूंनी रबरी बोंडे असतात आणि ती चारचाकी मोटरबाइकच्या मागे जोडतात. कुरण बदलायचे असेल तेव्हा आम्ही वासरांच्या मागे जात नाही, गाडी घेऊन पुढे जातो आणि चाळीस-पन्नास वासरे मागे धावत येतात. दूध तुटल्यावर मात्र त्यांची पंचाईत होते. माणूस दिसला की त्यांना दूध आठवते, आणि ती पुढे जाण्याऐवजी आपल्याभोवती गोळा होऊन कोटाच्या बाह्या, रेनकोटाची टोके आणि बुटांच्या नाड्या चोखू लागतात. पन्नास वासरे भोवती असताना फाटकापर्यंत पोचणे सोपे नसते.

नव्या कुरणात सोडल्यावर आणखी एक गोष्ट होते. फाटक उघडले की पहिले वासरू शेपूट उभी करून चौखूर उधळते, बाकीची त्याच्या मागे, आणि कुरणाचे दुसरे टोक येईपर्यंत कोणी थांबत नाही. दुसऱ्या टोकाला विजेची तार असते आणि ती त्यांना माहीत नसते. म्हणून इथे आधी लहानशा, पक्क्या वाड्यात तार लावून वासरांना तिची ओळख करून देतात. शिवाय नव्या जागी नेहमी सकाळी सोडतात, म्हणजे अंधार पडेपर्यंत त्यांना कडेकडेने फिरून हद्द पाहता येते. विजेच्या कुंपणाची जन्मकथाही इथलीच आहे. हॅमिल्टनच्या बिल गॅलाघर यांनी १९३० च्या दशकात, घोड्याने मोटारीला अंग घासू नये म्हणून केलेल्या युक्तीतून ते पुढे आले, असे इथे सगळे सांगतात.

जुना गुराखी

आपल्याकडचे झटका मशीन तेच ना? आमच्याकडे रानडुकरांसाठी लावतात.

वायकाटोकर

हो काका, तत्त्व तेच. झटका क्षणभराचा आणि थांबून थांबून बसतो. पण करडांसाठी त्याच्यावर विसंबू नये. करडू सर्वांत खालच्या तारेखालून सहज निघून जाते.

नवशिका

वासरांना उपाशी न्यावे की पाजून? वरच्या दुधाच्या गाडीवरून असे वाटते की उपाशी असलेली बरी.

जुना गुराखी

उपाशी. भुकेले वासरू कासेकडे पाहत चालते, इकडेतिकडे बघत नाही. पोट भरलेले वासरू खेळते, आणि खेळायला लागले की संपले. आमच्या शेजाऱ्यांच्या अशाच एका वासराने दोरीवर वाळत घातलेले धोतर शिंगाड्यावर घेतले आणि आळीभर मिरवले.

बांधावरची

काका, करडांना मात्र पाजूनच न्यावे. उपाशी करडे हाऱ्यात एकमेकांचे कान चोखतात, आणि हारा खाली ठेवताच अशी झेप घेतात की शेळी बिथरते. पोटभर पाजले की ती वाटेत झोपतात.

पशुवैद्य माणदेश

दोघांचेही बरोबर आहे, कारण एकाला चालायचे आहे आणि दुसऱ्याला उचलून न्यायचे आहे. मात्र उपाशी म्हणजे नेहमीच्या पाजण्याच्या वेळेपुरते उपाशी. उगाच ताटकळत ठेवू नये.

वेळेबद्दल थोडे सांगतो, कारण हा गमतीचा भाग नाही. सकाळी फार लवकर, दव असताना, लहान जनावरांना नव्या गवतात सोडू नये. जंतांच्या अळ्या ओलाव्याबरोबर गवताच्या पात्यांवर चढलेल्या असतात. ऊन पडून दव वाळले की धोका कमी होतो. आता, वायकाटोकर सकाळी सोडा म्हणतात आणि मी उन्हे वर आल्यावर म्हणतो, यात विरोध नाही. दहा-अकराची वेळ दोन्हींना चालते. पलीकडे लसूणघास असेल तर मोठ्या जनावरांना त्यात उपाशीपोटी आणि ओल्यात मुळीच सोडू नये, पोट फुगते. ज्वारीच्या खोडव्याचे कोवळे फुटवे असतील तर त्या बाजूला कोणालाही फिरकू देऊ नये, त्यात विष असते. शेळ्या-मेंढ्यांना आंत्रविषाराची लस पावसाळ्यापूर्वी दिलेली असावी, कारण सुक्या चाऱ्यावरून एकदम हिरव्या लुसलुशीत गवतावर नेले की हा रोग उद्भवतो आणि त्यात चांगली गुटगुटीत पिल्लेच आधी जातात. आणि गावात लंपीची लागण असेल तर हलवाहलव पूर्ण थांबवावी. २०२२ मध्ये जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले होते, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे.

डांगाणी

अकोले तालुक्यातून लिहितो. आमच्या डांगी गायी पावसाला भीत नाहीत, पण वासरांना भातखाचरांच्या बांधांवरून नेणे हे काम कठीण आहे. बांध अरुंद असतो. पुढचे वासरू थांबले की मागच्याला बाजूला जायला जागा नसते, म्हणून ते पुढच्याच्या पाठीवर हनुवटी ठेवून उभे राहते, त्याच्या मागचे त्याच्या पाठीवर, आणि सगळी माळ तशीच थांबते. आमची युक्ती अशी की गाभण नसलेली एक शांत, वाट माहीत असलेली म्हातारी गाय सर्वांत पुढे ठेवायची आणि तिच्याच गळ्यात घंटा बांधायची. वासरे आपल्या आईपेक्षाही त्या घंटेमागे बिनधास्त जातात. इतर कोणाच्या गळ्यात त्या दिवशी घंटा ठेवू नये, नाहीतर माळेचे दोन फाटे होतात.

माझ्या मते म्हातारी गाय पुढे, हेच मूळ प्रश्नाचे उत्तर आहे.

सड्यावरचा

सहमत. पण त्या गायीला वाटेत कोणाच्या परसातला माड आणि त्याखालचे पाण्याचे भांडे माहीत नसावे. आमची म्हातारी गाय दर वेळी त्याच परसात वळते आणि सगळी वासरे तिच्या मागे अंगणात जाऊन उभी राहतात.

शिवारवाट

सर्वांचे मनापासून आभार. आपले प्रतिसाद मी घरी वाचून दाखवले. आमचे असे ठरले आहे की उन्हे वर आल्यावर निघायचे, खिल्लार गाय घंटा बांधून पुढे, तिच्या मागे गोऱ्हा मोकळा, आणि दोन्ही कालवडी आपापल्या आयांच्या बाजूने सैल कासऱ्याने. ठिबकच्या नळ्यांवर आदल्या दिवशीच माती ओढायची आणि चारीवरच्या फरशीवर उसाचे पाचट अंथरायचे. करडे पाजून हाऱ्यांत. वडील खांद्याच्या मागे, बाजूने चालणार आहेत. त्यांनी कालच गोठ्यात गोऱ्ह्याभोवती फिरून ती खूण करून पाहिली आणि गोऱ्हा खरोखर दोन पावले पुढे गेला, तेव्हापासून ते आईच्या बाजूचे झाले आहेत.

वाघरवाला

बेत चांगला आहे. पोचल्यावर करडांना लगेच मोकळी सोडू नका. पहिली रात्र जाळीच्या आत, शेळ्यांसह राहू द्या. आणि एक विचारायचे राहिले. पलीकडच्या रानात विहीर आहे का? असल्यास तिला कठडा आहे का?

शिवारवाट

विहीर आहे. कठडा तीन बाजूंनी आहे. मोटेच्या जुन्या थारोळ्याची, म्हणजे मोटेचे पाणी ओतायच्या जागेची, बाजू उघडी आहे. तिथे बाभळीच्या फांद्या तोडून टाकाव्यात असा विचार आहे.

बांधावरची

ओली बाभूळ चुकूनही टाकू नका. पाला आणि शेंगा खायला सगळी करडे आधी तिथेच जातील आणि फांद्यांवर चढतील. बोरीचेही तेच. वाळलेले काटे टाका, त्यांच्या आतल्या बाजूने तारेची जाळी खुंट्यांना घट्ट बांधा, खालची कड मातीत दाबा, आणि हे सगळे करडे नेण्याच्या आदल्या दिवशी पुरे करा.